डायलिसिसचा नववा महिना. आशा नक्की कशाची धरायची?

सुईदोरा, मिरज

सगळ्यांना सलाम.

बरेच दिवस मी या मंचावर नुसती वाचते. आज लिहायला बसले, कारण घरात हे बोलायला माणूस नाही, आणि चर्चच्या मंडळीत बोलले तर 'प्रार्थनेचा विषय' म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला कळतं.

आमचे हे कुपवाड एमआयडीसीत टर्नर. वय ४४. बीपी होतं, पण गोळी कधी घेतली, कधी राहिली. दिवाळीनंतर पायाला सूज यायला लागली, जेवण जाईना, चार पायऱ्या चढल्या की धाप. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन ९ च्या पुढं. दोन्ही किडन्या गेल्या म्हणाले. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. सकाळी साडेसहाची पाळी, चार तास यंत्रावर. मी बाहेरच्या बाकावर हातशिलाई घेऊन बसते. काजं, हूक, फॉल. माझी किडनी चालेल का बघायला गेलो, तर मलाच शुगर निघाली. त्या दिवशी परत येताना दोघंही रिक्षात एक शब्द बोललो नाही.

आमचं घर आता पाण्याच्या मापावर चालतं. दिवसाला एक लिटर, त्यात चहा आला, आमटी आली, गोळ्यांबरोबरचा घोटही आला. जुन्या मेजर टेपचा तुकडा कापून मी बाटलीला चिकटवलाय. सकाळी बाटली भरते. त्यांनी दुसरं काही पातळ घेतलं की तेवढं पाणी बाटलीतून काढून टाकते. संध्याकाळी टेप बघितली की कळतं रात्रीला किती उरलंय. उन्हाळ्यात ते बाटलीकडं बघत बसायचे, मागायचे नाहीत. ते न मागणं मला बघवायचं नाही.

आणि सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे त्यांच्या डाव्या मनगटावर बोटं ठेवायची. तिथं फिस्टुला केलाय, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला शीर आणि धमनी जोडून दिलीय. बोटांना थरथर लागली म्हणजे तो चालू आहे. मी सतारमेकर गल्लीच्या जवळच वाढले. लहानपणी वडिलांबरोबर जाताना तिथले कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत, म्हणजे घोडी घासून तारेचा नाद जुळवत बसलेले असायचे. तार छेडल्यावर भोपळ्यावर हात ठेवला की हाताला जे लागायचं, अगदी तसंच हे लागतं. पूर्वी या वेळेला मी गुडघे टेकायचे. आता मनगट धरते, आणि थरथर लागली की डब्याच्या तयारीला लागते. प्रार्थना होतच नाही.

ती का थांबली तेही सांगते. मार्च महिन्यात आम्हाला कुणीतरी एका सभेला नेलं. बाहेरगावचे वक्ते होते. त्यांनी यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "तुमचा भरवसा यंत्रावर आहे की प्रभूवर?" हे बिचारे काय बोलणार! दुसऱ्या दिवशी सोमवार होता. म्हणाले, आज नको जायला, एकदा बघू. मी अडवलं नाही. हे मला कुणाला सांगता आलेलं नाही. मला पण वाटत होतं की कदाचित. मंगळवारी रात्री आडवं झालं की श्वास अडकायला लागला. उशीला टेकून बसवलं, तरी छातीत घरघर. पहाटे तीनला शेजारच्यांच्या गाडीतून नेलं. वाचले. नंतर त्या सभेला नेणाऱ्या बाई भेटल्या, तर म्हणाल्या, "ताई, विश्वास थोडा कमी पडला बघा."

तेव्हापासून मी उपासनेला जाते, गायनं म्हणते, प्रभुभोजनाला पुढं जाते, आणि आत काही हलत नाही. सातवीतली मुलगी रात्री विचारते, "आई, पप्पांसाठी प्रार्थना करायची ना?" मी म्हणते, तू कर. ती करते. मी आमेन म्हणते.

माझा प्रश्न असा आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की या किडन्या परत येणार नाहीत. मग ख्रिस्ती माणसानं आशा धरायची ती नक्की कशाची? बरं होण्याची धरली तर मार्चसारखं होतं. नाही धरली तर विश्वास नाही असं होतं. ज्यांनी असे दिवस काढलेत त्यांनीच सांगा. बायबलमधल्या वचनांची यादी कृपा करून पाठवू नका. ती रोज सकाळी मोबाईलवर येते, फुलांच्या फोटोसकट.

कृष्णाकाठ

ताई, तुमच्यासाठी आणि साहेबांसाठी प्रार्थना करतो. सवडीनं सविस्तर लिहितो, आत्ता ड्युटीवर आहे.

निवृत्त परिचारिका, वानलेसवाडी

बाळ, मी तुझ्या आईच्या वयाची, म्हणून एकेरी लिहिते. रागावू नकोस.

आधी कामाचं. डायलिसिस एकदासुद्धा चुकवायचं नाही. कुणी कितीही मोठा देवमाणूस सांगो. मंगळवारी रात्री झालं ते विश्वास कमी पडल्यानं झालं नाही, फुप्फुसात पाणी साठल्यानं झालं. मी छत्तीस वर्षं वॉर्डात काढलीत, ही घरघर मला चांगली माहीत आहे. आणि तू अडवलं नाहीस म्हणून स्वतःला खात बसू नकोस. नवरा बरा व्हावा असं वाटणं हा गुन्हा नाही. ज्यानं तुमच्या त्या वाटण्याचा उपयोग करून घेतला, त्यानं देवापुढं उत्तर द्यायचंय.

विश्वास कमी पडला म्हणणाऱ्यांना एकदा विचार, की प्रेषित पौलाचा विश्वास कमी होता का? शरीरातला काटा काढ म्हणून त्यानं तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. आणि खुद्द प्रभू येशूनं वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत हा दुःखाचा प्याला टळू दे म्हटलं होतं, तो तरी कुठं टळला? औषधपाणी म्हणजे अविश्वास असं मानणाऱ्यांनी हेही बघावं, की ज्याच्या नावानं आपण शुभवर्तमान वाचतो त्या लूकला पौल 'प्रिय वैद्य' म्हणतो.

आता तुझ्या प्रश्नाकडं येते. मी राहते त्या वाडीच्या नावातच वानलेस डॉक्टर आहेत. त्यांनी मिरजेत १८९४ साली मिशनचा दवाखाना काढला, हे आपल्याकडं शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण पुढं इथं क्षयरोग्यांसाठी सॅनिटोरियम निघालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तेव्हा क्षयावर औषधच नव्हतं गं. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ साली. त्याआधी कितीतरी वर्षं इथं खाटा मांडल्या होत्या. उघडी हवा, दूध, अंडी, वेळेवर झोप, थुंकीची भांडी उकळणं. काही बरे व्हायचे, पुष्कळ जायचे. जी माणसं रोज सकाळी ती भांडी उकळायला उभी राहायची, ती कशाच्या जोरावर? यातला प्रत्येक जण बरा होणार, या जोरावर तर नक्कीच नाही. मी नोकरीला लागले तेव्हा त्या काळातल्या एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या. मी त्यांना हेच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "तो खाटेजवळ असतो. मग मी तिथं नसून कसं चालेल?" एवढंच. मला तेव्हा ते पुरेसं वाटलं नाही. माझा मोठा मुलगा गेला तेव्हा त्याचा अर्थ लागला.

मुलगा बावीस वर्षांचा होता. अपघात. मी दोन वर्षं प्रार्थना केली नाही. नर्सेसच्या प्रार्थनेत मी उभी असायची, तोंड हलायचं. त्या दोन वर्षांत मला कुणी बोलून धरलं नाही. माझ्या शेजारची बाई दर रविवारी उपासनेला जाताना आमच्या दारात उभी राहायची, आणि मी चप्पल घालेपर्यंत काहीच बोलायची नाही. बायबलमधल्या ईयोबाचं सगळं गेलं तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, तोवर ते चांगलेच होते. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट आज रात्री मुलीला वाचून दाखव. तो झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाण्याची सुरई ठेवतो, उठ, खा म्हणतो. तो खातो, पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो तोही खायलाच घालायला. तू नऊ महिने झोपलेली नाहीस हे तुझ्या लिहिण्यावरून दिसतंय. बुधवारी साडेसहाला मी डायलिसिसच्या बाकावर येते. तू दोन तास घरी जाऊन आडवी हो. त्यांचा डबा मी सांभाळते, किडनीच्या पथ्यात पोटॅशियम किती चालतं ते मला कळतं.

आणि महात्मा फुले योजनेत डायलिसिस बसतं. कागद झालेत का ते सांग. मेंदूमृत दात्याची किडनी मिळण्यासाठी पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण केंद्राच्या यादीत हॉस्पिटलमार्फत नाव लागतं. अजून केलं नसेल तर डॉक्टरांना विचार. यादी लांब असते, पण नाव लागलेलं असावं.

अजिंक्यतारा, सातारा

मावशींनी लिहिलंय त्यापुढं फार काही नाही. एकच गोष्ट जोडतो.

ताई, तुम्ही लिहिलंय की प्रार्थना होत नाही. पण तुम्ही जे लिहिलंत ते मला स्तोत्रासारखं वाटलं. आपल्या मंडळ्यांत बायबलमधलं २३ वं स्तोत्र तोंडपाठ असतं, १३ वं कुणी म्हणत नाही. ते सुरूच होतं 'किती काळ?' या प्रश्नानं. किती काळ विसरणार, किती काळ तोंड लपवणार. ८८ वं तर शेवटपर्यंत अंधारातच आहे, त्यात शेवटी उजाडतसुद्धा नाही. ज्यांनी ही स्तोत्रं एकत्र केली त्यांनी ते गाळलं नाही. देवाच्या मंदिरात गायच्या पुस्तकात ते राहू दिलं.

आणि देवाशी भांडायला मराठी माणसाला परक्या देशातून शिकून यावं लागत नाही. तुकोबा विठोबाला काय काय बोललेत! ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडं आलो असं म्हणत. तेच टिळक १९१७ साली मिशनची नोकरी सोडून इथं साताऱ्यात आले आणि 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची संगत सुरू केली. आमच्या आजोबांच्या घरात त्यांचे अभंग पेटीवर म्हटले जायचे. आजोबा आजारी पडले तेव्हा त्यांना 'स्तुती करा' म्हणणाऱ्यांचा त्रास व्हायचा. ते म्हणायचे, तक्रार ज्याच्याकडं करतो तो ऐकतो असं धरलंय म्हणून तर करतो.

पंडिता रमाबाईंचंही सांगावंसं वाटतं. दुष्काळात भटकताना आईवडील आणि बहीण गेली, १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली नवरा. राहिली ती एकटी मुलगी, मनोरमा. १९२१ च्या जुलैत तीही गेली. रमाबाई तेव्हा केडगावला शास्त्राचं, म्हणजे बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. मुलगी गेल्यावरही ते काम चालू राहिलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या. दुःख संपल्यावर त्यांनी पुस्तक हातात घेतलं असं झालं नाही. मुलीला पुरलेल्या हातांनीच त्यांनी पुढची पानं केली. मी शिक्षक आहे. बायबलमधलं विलापगीत वाचताना मला नेहमी त्यांची ती शेवटची आठ महिन्यांची मेहनत आठवते.

कृष्णाकाठ

ड्युटी संपली. सांगतो म्हटलं होतं म्हणून लिहितोय. मला शास्त्रातलं मावशी आणि सरांएवढं कळत नाही.

आमचं घर सांगलीवाडीत. ऑगस्ट २०१९. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोक्याची पातळी, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ चा पूर आमच्या वडिलांनी बघितला होता. त्या वेळची खूण भिंतीवर होती, म्हणून आम्ही सामान त्या खुणेच्या वर लावलं आणि निवांत बसलो. पाणी खुणेच्या वर गेलं. माळ्यावर मी, आई, बायको, सहा महिन्यांचं पोरगं. दीड दिवस. रात्री काळोखात भांडी एकमेकांवर आपटल्याचा आवाज यायचा, खाली आपल्याच घरात.

आई बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकातलं ते म्हणत होती, तू पाण्यातून चालशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन. मी चिडलो. म्हटलं, आई, बंद कर, पाणी घरात आलंय. ती म्हणाली, "पाणी येणार नाही असं लिहिलंय का त्यात?" मी गप्प बसलो. पटलं नव्हतं तेव्हा, खोटं सांगत नाही.

बोटीनं काढलं, शाळेत ठेवलं. तिथं तिसऱ्या दिवशी एक टेम्पो आला, भाकरीचा. कापडात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी. जत तालुक्यातल्या एका वाडीवरनं आलेला. ड्रायव्हर सांगत होता, त्यांच्याकडं तेव्हा पिण्याच्या पाण्याचे टँकर चालू होते. पीठ मळायला टँकरचं पाणी वापरून त्या बायांनी आमच्यासाठी भाकरी केल्या होत्या. पाण्यात बुडालेल्या माणसांसाठी. मी ती भाकरी हातात घेऊन बराच वेळ बसलो. त्या बाया ख्रिस्ती नव्हत्या, आमची त्यांची ओळख नाही, पुढंही कधी होणार नाही. पण देव बरोबर असतो म्हणजे काय, ते मला त्या भाकरीत पहिल्यांदा कळलं.

घर धुतलं तेव्हा आईचं शास्त्र फुगून विटेएवढं झालं होतं. पानं सुटत नाहीत. फेकलं नाही, फळीवर आहे.

ताई, शुक्रवारी माझी रात्रपाळी असते, सकाळी मोकळा असतो. साहेबांना आणायला रिक्षा करू नका. मी मोटरसायकल नाही, भावाची गाडी घेऊन येईन. डायलिसिसनंतर चक्कर येते हे माहीत आहे, चुलत्यांचं होतं.

दुष्काळी पट्टा, आटपाडी

मी ख्रिस्ती नाही. द्राक्षबाग गेली त्या वर्षी माझाही असाच प्रश्न होता, कुणाला विचारला नाही. भाकरीचं वाचून बरं वाटलं. आमच्या गावातनंही गेल्या होत्या.

सुईदोरा, मिरज

उशिरा लिहिते, माफ करा.

मावशी बुधवारी खरंच आल्या. मला वाटलं होतं, म्हणतात सगळेच. सव्वासहाला बाकावर बसल्या होत्या, हातात पिशवी, पिशवीत मोजून पाव भांडं पोहे. मला म्हणाल्या, जा. मी घरी गेले आणि साडेनऊपर्यंत झोपले. जागी झाले तेव्हा कुठं आहे तेच कळेना. परत गेले तर या दोघांच्या गप्पा चालल्या होत्या. कुपवाडच्या कारखान्यांच्या. हे हसत होते. नऊ महिन्यांत त्यांना यंत्रावर हसताना बघितलं नव्हतं. माझ्याशी ते हसत नव्हते, कारण मी त्यांच्याकडं बघायचे ती बाटली बघितल्यासारखी. किती उरलंय अशी.

योजनेचे कागद झालेत. पुण्याच्या यादीचं डॉक्टरांशी बोललो, तपासण्या सांगितल्यात.

शुक्रवारी मी शिलाई नेली नाही, शास्त्र नेलं. आत सोडतात थोडा वेळ. १३ वं स्तोत्र हळू आवाजात वाचायला लागले. 'किती काळ' तिथंच माझा गळा भरला, पुढं जाईना. त्यांनी सुई नसलेल्या हातानं पान धरलं आणि म्हणाले, "तेवढंच परत वाच." परत वाचलं. म्हणाले, "हे मला रोज वाटतंय. असं म्हणायचं नसतं असं मला वाटत होतं." मी म्हटलं, मला पण. मग मार्चमधल्या त्या सोमवारबद्दल बोललो. तू अडवायला हवं होतंस असं त्यांच्या मनात असेल असं मी धरून चालले होते. त्यांच्या मनात होतं, मी बायकोपोरीला फसवून मरायला निघालो होतो. शेजारच्या खाटेवर एक चाची असतात, दर्ग्याजवळ राहतात. त्या डोळे मिटून पडल्या होत्या. म्हणाल्या, "बेटी, थोडं मोठ्यानं वाच, मला पण ऐकू दे."

आशा कशाची, ते मला अजून एका वाक्यात सांगता येत नाही. पण रात्री मुलीनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, आज मी करते. फार काही बोलता आलं नाही. किती काळ, एवढंच म्हटलं, आणि मावशींचं नाव घेतलं, भाकरी करणाऱ्या त्या बायांचं घेतलं, चाचींचं घेतलं. मुलगी म्हणाली, "पप्पांचं राहिलं." मग ते घेतलं.

दादा, गाडीबद्दल उपकार. पुढच्या शुक्रवारी साडेदहाला सुटतील. मागच्या दारानं या, पुढं पार्किंगला जागा नसते.